ओहोळाच्या अलीकडे

म्हादू वेळीपच्या काविळीच्या औषधाला तीन पथ्यं होती. तेल खायचं नाही, मीठ खायचं नाही, आणि पहिला घोट घेतल्यापासून तीन रविवार होईपर्यंत वाहतं पाणी ओलांडायचं नाही. पहिली दोन कुणीही पाळील. तिसरं मात्र कुंभारवाड्याच्या आसपास फार जड जातं, कारण इथे कुठल्याही वाटेने अर्धा तास चाललं की ओहोळ आडवा येतोच. तरी लोक पाळत. रामनगरहून आलेला माणूस तीन आठवडे इथल्याच कुणा नातेवाइकाच्या पडवीत मुक्काम टाकी, आणि जाताना डोळ्यांचा पांढरा रंग घेऊन जाई. असे पांढरे झालेले डोळे राखीने लहानपणापासून पाहिले होते. म्हणूनच तिची चूक झाली.

दसऱ्याच्या सुमाराला बाबाचा फोन आला तेव्हा ती धारवाडला प्रयोगशाळेत बसली होती. बोलताना त्याने आधी भाताचं सांगितलं, मग परड्यातले कोन, म्हणजे जमिनीतले कंद, या वर्षी केवढे मोठे निघतील त्याचं, आणि शेवटी, जणू शेजारच्या घरची गोष्ट असावी तसं, म्हणाला, "माझे डोळे जरा पिवळे झाल्यात."

"मग घे की तुझंच औषध," राखी हसून म्हणाली.

"घेतोच हाय रविवारपासून."

फोन ठेवून ती परत कामाला लागली. काम काय, तर वाचायचं. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर तिला एका सरांच्या हाताखाली नेमणूक मिळाली होती. स्वादुपिंडाच्या कर्करोगात गाठीच्या भोवती जे काही असतं, म्हणजे तंतू, रक्तवाहिन्या, शरीराच्या स्वतःच्या पेशी, तो सगळा परिसर, त्यावर जगभरात वीस वर्षांत काय लिहिलं गेलं, कुठल्या साली कुठले शब्द वर आले आणि कुठले मागे पडले, याचा नकाशा तिला करायचा होता. हजारो निबंधांचे गोषवारे तिने डोळ्यांखालून घातले होते. त्यांतल्या कित्येकांच्या पहिल्याच ओळींत लिहिलेलं असे की हा रोग उशिरा कळतो, आणि कळतो तेव्हा पुष्कळदा न दुखता आलेल्या काविळीने. त्या दिवशीही ते वाक्य तिच्या पडद्यावर कुठेतरी असणार. पण त्या वाक्यातली कावीळ आणि बाबाच्या डोळ्यांतली कावीळ या दोन एकच गोष्टी असू शकतात, हे तिला शिवलंही नाही. बाबाची कावीळ म्हणजे बाबाच्या औषधाने जाणारी कावीळ.

पहिल्या तीन रविवारांनी ती उतरली नाही. म्हादूने पुन्हा पहिल्यापासून धरलं. मग तिसऱ्यांदा धरलं. फोनवर तो दर वेळी "उतरतीय" म्हणे. नऊ रविवार त्याने ओहोळ ओलांडला नाही, म्हणजे डांबरी रस्त्यालासुद्धा आला नाही. चौसष्टाव्या दिवशी आई, सुंदरी, टेकडीवर जाऊन फोनवर म्हणाली, "राखे, तो नुसता खाजवतोय, सगळं अंग सोलून काढलंय. परसाकडं पांढरी होतीय, चिकणमातीसारखी." त्याच दिवशी राखीने गाडी ठरवून त्याला बेळगावला नेलं.

तिथे पित्ताच्या नळीत जाळीची एक बारीक नळी घातली. आठ दिवसांत डोळे पांढरे झाले. गाठ मात्र स्वादुपिंडाच्या डोक्याशी होती आणि तिचे तुकडे यकृतात पोचले होते. केमोचा पहिला डोस त्याला सोसला नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, घरी न्या, काही महिने आहेत हातात. राखीने त्यांना एकट्यांना गाठून विचारलं होतं, "नऊ आठवडे आधी आलो असतो तर?" डॉक्टर फाइल पुन्हा चाळून म्हणाले, "सांगता येत नाही." ते खरं बोलत होते हे तिला ठाऊक होतं. शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच गाठ कापण्याजोगी असताना सापडते. बाबा त्या वीसांत असता की उरलेल्या ऐंशींत, याचं उत्तर आता कुठल्याच तपासणीत नव्हतं.

माघात ती रजा घेऊन घरी आली. उळवीची जत्रा तोंडावर होती. म्हादू पडवीत घोंगडीवर पडून असे, आणि तिथून त्याला परड्यातलं करांद्यांचं कुंपण दिसे.

"तुझ्या त्या कंप्युटरात माझ्यासाठी काय हाय का न्हाई?" एका सकाळी त्याने विचारलं.

राखीने लॅपटॉप आणला. नकाशावर रंगीत गोळे होते. जितके निबंध जास्त तितका शब्दाचा गोळा मोठा.

"हे बघ. आपण परड्याला कुंपण घालतो ना, तसं ही गाठ स्वतःभोवती घालते. चांगलं दाट. कधी कधी गाठीपेक्षा कुंपणच जास्त असतं. आणि ते तिच्यासाठी बांधतात कोण, तर तुझ्याच अंगातल्या पेशी."

"माझीच माणसं?"

"तुझीच. तिनं कामाला लावलेली."

"फुकट?"

"फुकट."

"जुन्या काळचा वेठीला धरणारा गावकर असणार ती," म्हादू म्हणाला. "आनि औषध?"

"औषध पोचतच नाही धड. आतल्या रक्तवाहिन्या दाबून गेलेल्या असतात. अंगातले शिपाई येतात, ते कुंपणाला टेकून उभे राहतात."

"मंग तोडायचं कुंपण."

"तेच सुचलं सगळ्यांना. हा बघ हा गोळा, पंधरा वर्षांपूर्वी केवढा होता. उंदरांमध्ये कुंपण पातळ केलं, औषध आत गेलं, उंदीर जास्त जगले. मग माणसांना दिलं. काही उपयोग झाला नाही. एके ठिकाणी तर ज्यांना दिलं तेच लवकर जायला लागले म्हणून मध्येच थांबवलं."

म्हादू हसला. हसताना त्याच्या गळ्याच्या शिरा वर आल्या.

"जानारच. आमी कुंपण घालतो ते डुक्कर भायेर ऱ्हावं म्हनून. हितं डुक्कर आत हाय. तोडलं की सुटलं."

"एवढं कळायला त्यांना किती वर्षं लागली, बाबा."

"मला इचारायचं. मी हितंच हुतो."

सुंदरी आतून म्हणाली, "झाले दोघं डाक्टर. पेज घ्या आता."

ते प्रयोग फसल्यानंतर नकाशावरचे शब्द बदलले होते. कुंपण तोडण्याचा गोळा आटत गेला होता. बांधणाऱ्या पेशींचे प्रकार किती, त्यांतले कोण गाठीला धरून ठेवतात आणि कोण पोसतात, एकेका पेशीत काय लिहिलंय, ती नेमकी कुठे बसली आहे, असे नवे गोळे दरवर्षी फुगत होते. राखीला हे काम आवडत होतं, हीच लाज वाटण्यासारखी गोष्ट होती. बाबाला औषध देताना कधी कधी तिच्या मनात येई, याच्या गाठीत कुठल्या प्रकारच्या पेशी जास्त असतील? एक शब्द मात्र दर वर्षाच्या नकाशावर जवळजवळ तेवढाच राहिला होता. तो शब्द होता जगण्याचा काळ. सगळे त्यावर लिहीत होते आणि प्रत्यक्षातला काळ काही महिन्यांनीच पुढे सरकत होता.

टेकडीवर रेंज येई. तिथे बसून तिने, बाबाला घ्याल का म्हणून, दोन ठिकाणी पत्रं पाठवली होती. गाठीला चालवणाऱ्या बिघडलेल्या जनुकालाच अडवणारी औषधं आता चाचणीत होती आणि त्यांचे आकडे पहिल्यांदाच जरा बरे दिसत होते. एका ठिकाणाहून उत्तर आलं. रुग्ण दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ हिंडता-फिरता हवा. तिने खाली पडवीकडे पाहिलं. घोंगडीवरची आकृती सकाळपासून एका कुशीवर होती. तिने उत्तर पाठवलं नाही.

त्याच आठवड्यात म्हादूने विषय काढला.

"औषध तुला सांगायचं हाय. रविवारी."

ते एकालाच सांगायचं असे. ज्या वेलीच्या मुळाचं ते औषध, तिच्यापाशी उभं राहून, उपाशीपोटी, मूळ हातात देऊन. एकदा सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातातून ते गेलं. मग त्याने त्या वेलीला शिवायचंही नाही. आणि घेणाऱ्याने आपल्या दारात आलेल्याला कधी रिकामं पाठवायचं नाही. पाठवलं तर हाताचा गुण जातो, तो परत येत नाही. म्हादूला ते त्याच्या मामाने दिलं होतं.

"मला कशाला?" राखी म्हणाली. "माझा विश्वास नाही त्याच्यावर, बाबा. आता तर अजिबात नाही."

"माझा तरी तुझ्या कंप्युटरातल्या गोळ्यांवर कुठं हाय? ऐकलं का न्हाई मी, शेवटपत्तुर?"

तिने दोन दिवस विचार केला. बहुतेक कावीळ आपोआप उतरते, औषध असो नसो, हे ती कॉलेजात शिकली होती. बाबाच्या मुळाने कुणाचं वाईट झालं नव्हतं. वाईट केलं ते पाण्याच्या पथ्याने. मग औषध आपल्या हातात आलं तर तेवढं पथ्य आपण काढून टाकू. मूळ द्यायचं, आणि सांगायचं, उद्या जोयड्याच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. लोक आपल्या दारात येतीलच. कुठल्याही नकाशापेक्षा हे जास्त कामाचं होईल. असं तिने स्वतःशी नीट मांडलं आणि मग हो म्हणाली.

वेल घरापासून तीनशे पावलांवर होती, ओहोळाच्या अलीकडे. रविवारी सकाळी एका बाजूने राखी आणि एका बाजूने सुंदरी असा म्हादू निघाला. तो अकरा वेळा थांबला, राखीने मोजलं. सुंदरीने वेलीपाशी यायचं नव्हतं, ती दहा हात मागेच पाठ करून उभी राहिली. म्हादूने काठीने माती उकरली, बोटभर मूळ तोडलं, त्याचं नाव सांगितलं, कशात उगाळायचं ते सांगितलं, किती ते सांगितलं, आणि मूळ तिच्या तळव्यावर ठेवलं. पाच मिनिटांचं काम.

"पाणी ओलांडायचं नाही, हे सोडून दिलं तर?" तिने विचारलं.

म्हादूने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, एखाद्याने भात पेरताना बी कशाला असं विचारावं तसं.

"मंग कुठलाबी पाला पाज. वेलीपत्तुर कशाला यायचं?"

परत येताना तो चौदा वेळा थांबला.

दुपारी बारा-साडेबाराला गुरुदास आणि त्याची बायको सुमंगला आली. ओहोळाच्या अलीकडच्याच वाडीतली माणसं. गुरुदास पन्नाशीचा, झाडावरून फांद्या उतरवणारा, हाताने दणकट. पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे खिळ्याने भोक पाडून बांधला होता. तो पडवीच्या कडेला टेकला आणि त्याने मान वर केली तेव्हा राखीला त्याचे डोळे दिसले.

"म्हादूमामा, आता पोरीच्या हातात दिलंय म्हनं," सुमंगला म्हणाली. "सकाळीच कळलं. म्हटलं पयला मान आमचा."

"कळलं बी?" म्हादू म्हणाला. "एवढ्या बिगी तर बस येत न्हाई."

राखीने मूळ फळीवर ठेवलं होतं. ते न घेता ती गुरुदाससमोर बसली.

"पोटात दुखतं का?"

"न्हाई बा. दुखत काय बी न्हाई. म्हनून तर एवढे दिवस काय केलं न्हाई."

"अंगाला खाज?"

"रातभर," सुमंगला म्हणाली. "मला झोपू देत न्हाई."

"परसाकडला रंग कसा?"

गुरुदासने बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "काय इचारतीय ही," तो पुटपुटला. "म्हादूमामा तर नुसतं डोळं बघून द्यायचा."

"पांढरा," सुमंगलाने सांगून टाकलं. "चुना कालवल्यावानी."

"आणि साखर? कधी तपासली?"

"दिवाळीला दवाखान्याच्या आशाबाईनं सांगितलं, साखर हाय. आदी कदी नव्हती."

अशी नव्याने आलेली साखरही त्याच रोगाची खूण असते, हे राखीने वाचलं होतं. दुसरं काही असू शकतं, ती स्वतःला म्हणाली. पित्ताचा खडा असेल. पण खडा असला तरी तो बेळगावलाच निघणार होता.

"औषध देते," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी बेळगावला जायचं. पोटाचा फोटो काढायचा. मी चिठ्ठी लिहून देते, कुणाला भेटायचं ते."

सुमंगलाने मान हलवली, मग थांबली. "औषध घेऊन? आनि पानी?"

"पाण्याचं काही नाही."

"काय न्हाई कसं?" सुमंगला म्हादूकडे वळली. "मामा, चालतं व्हय असं?"

राखीने बाबाकडे पाहिलं. त्याला फक्त मान हलवायची होती. तो उशीवर डोकं टेकून कुंपणाकडे बघत होता. चाळीस वर्षं त्याने दारात आलेल्याला खोटं सांगितलं नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "औषध घेतलं की तीन रविवार पानी न्हाई ओलांडायचं."

"मंग आदी औषधच द्या," गुरुदास म्हणाला. "तीन रविवारानं बेळगाव काय पळून जात न्हाई."

राखीला नऊ रविवार दिसले, एकामागून एक. मूळ उगाळून दिलं की हा माणूस आपल्या वाडीत जाऊन बसेल आणि त्याला परसाकडे चुन्यासारखं पांढरं होत राहील. दिलं नाही तर निदान पाय मोकळे राहतील.

"मग मी देत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आज बेळगावला जा. माझ्याकडे तुमच्यासाठी औषध नाही."

सुमंगला एकदम उठली नाही. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "शिकलीस ते बरं झालं, पोरी," ती म्हणाली. "पर दारात आलेल्याला न्हाई म्हनायला शाळंत शिकवलं का?"

"अक्का, ही चिठ्ठी तरी घ्या."

सुमंगलाने चिठ्ठी घेतली, न वाचता कमरेला खोचली. गुरुदासने म्हादूला हात जोडले. राखीकडे त्याने पाहिलं नाही.

ती दोघं ओहोळावरच्या लाकडी साकवावरून रस्त्याला लागेपर्यंत राखी पडवीच्या खांबाला धरून उभी होती. ओलांडलं, ती मनात म्हणाली. रस्त्याला बेळगावकडे जाणारी गाडी त्या दिवशी एकही नव्हती. जत्रेमुळे सगळ्या बसगाड्या उळवीच्या दिशेने भरून चालल्या होत्या. जत्रेत एक काविळवाला बसतो. त्याचं पथ्य एकाच रविवाराचं असतं आणि तो पाण्याचं काही सांगत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, राखीलाही. घाटमाथ्यावरून आलेली एक बस थांबली. आतून कुणीतरी हात दिला आणि गुरुदासला वर ओढून घेतलं. सुमंगला मागून चढली. बस उळवीकडे गेली.

राखी पडवीत येऊन बसली.

"गेले?" म्हादूने विचारलं.

"जत्रेला."

"पांढरी होतीय म्हनाली न्हवं?"

"हो."

"माझ्यावानीच."

"हो."

"मंग तू दिलं असतं तरी तेच, न्हाई दिलं तरी तेच."

"तेच नाही, बाबा. नऊ रविवार."

"त्याचे का माझे?"

पुष्कळ दिवस मनात धरून ठेवलेलं राखीने शेवटी बोलून टाकलं. "मीच म्हणाले होते तुला. फोनवर. घे की तुझंच औषध, असं. मी तेव्हा हेच वाचत होते. समोर होतं माझ्या."

"ठाऊक हाय की. हसली व्हतीस." म्हादूने डोळे मिटले. "तू सांगितलंस म्हनून घेतलं व्हय मी? माझं औषध असताना दुसऱ्या कुनाचं घेनार व्हतो?"

हे क्षमेसारखं बोलणं होतं, पण तिला त्यातून काही सुटल्यासारखं वाटलं नाही. तिने नसतं सांगितलं तरी तो ओहोळ ओलांडणार नव्हता. तिने चिठ्ठी दिली तरी गुरुदास उळवीला गेला. आणि दोघेही वेळेवर बेळगावला पोचले असते तरी ऐंशींतले की वीसांतले, हे कुणी सांगू शकलं नसतं. तिच्या नकाशावरच्या कुठल्याच गोळ्याला हे विचारता येत नव्हतं.

"आता ते औषध कुनाकडंच न्हाई," म्हादू म्हणाला. तक्रार नव्हती. गाय विकली, गोठा रिकामा झाला, अशा सुरात त्याने सांगितलं. "माझ्या हातातनं गेलं. तुझ्या हातात ऱ्हायलं न्हाई."

"दुसऱ्या कुणाला सांगू मी?"

"काय सांगशील? नुसतं मुळाचं नाव?"

पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावला तर अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यावर उतरलं. राखीने पदराने पुसलं. मग तो कुंपणाकडे तोंड करून झोपला.

चार दिवसांनी सुंदरी पडवी झाडत होती. फळीवरचं मूळ सुकून काडीसारखं झालं होतं.

"हे कुठं टाकू?" तिने विचारलं.

म्हादूने त्याला शिवायचं नव्हतं. सुंदरीने कधीच शिवायचं नव्हतं. राखी लॅपटॉप उघडून बसली होती. सरांना नकाशाची शेवटची प्रत हवी होती, या वर्षीचे नवे शब्द घालून.

"असू दे तिथंच," ती म्हणाली.

सुंदरीने फळी झाडली, मूळ होतं तेवढी जागा सोडून.